साकू

रात्रपाळीत मी कोरियातल्या गोष्टी वाचते.
निपाणीचा दवाखाना, पहिला मजला,
वजनकाट्याशेजारचं टेबल,
पुस्तक केसपेपरांखाली सरकवलेलं.
लेकीनं पाठवलंय धारवाडहून.
म्हणाली, सोपं इंग्लिश आहे आई, अडलं तर फोन कर.
अडतं. फोन करत नाही.
अडतं ते शब्दापाशी नसतंच.

पहिल्या गोष्टीतल्या पोरीचं नाव मालसुक.
म्हणजे शेवटची, असं तळटीप सांगते,
हिच्यानंतर तरी मुलगी नको, म्हणून.
मी तळटीप बोटानं झाकली.
समोरच्या रजिस्टरात होतीच की,
नकुसा भैरू चौगुले, वय एकवीस, दुसरी खेप.

गौरव्वा फरशी पुसता पुसता डोकावते.
‘काय वाचायलीस एवढं?’
‘तिकडच्या बायकांचं.’
‘तिकडं म्हणजे? संकेश्वर?’
‘त्याच्याही पुढं.’

दुसरीत एक सून पहाटेपासून धिरडी काढते
नवऱ्याच्या पणजोबासाठी.
पुरुष ओळीनं वाकतात तसबिरीपुढं,
ती दाराआड, तवा गार व्हायची वाट बघत.
तिथं मी पान दुमडलं.
दुसऱ्याचं पुस्तक दुमडू नये.
दुमडलं.

आणि तिकडंही बापाला अप्पा म्हणतात!
हे वाचून मी एवढ्यानं हसले
की चार नंबरच्या खाटेवरची बाळंतीण जागी झाली.

तिसरी गोष्ट मी तीन रात्री वाचली.
चाळिशीतली बाई विमानानं परत येते
त्या शहरात, जिथून तिला
पाच महिन्यांची असताना परदेशी पाठवलेलं.
कागदावर लिहिलेलं, आईबाप नाहीत.
आई तर समोर बसलीय, नासपती सोलत,
साल कुठंही न तुटता ताटलीत उतरतेय.
मध्ये दुभाष्या.
आई चार वाक्यं बोलते.
दुभाष्या तीन सांगतो.

मला दुभाष्या लागला नव्हता.
हुक्केरीच्या अलीकडं उतरून, सोप्यात घोंगड्यावर बसून,
तिनं विचारलं, ऊटा आत?
मी म्हटलं, आत.
जेवले नव्हते.
एवढंच बोलणं झालं आमचं, नंतर शेळी सुटली
आणि ती शेळीमागं धावली.

तिच्याकडं होते तेव्हा मी साकव्वा.
चौथी मुलगी. साकु म्हणजे पुरे.
निपाणीच्या आईनं नाव बदलून शालन ठेवलं,
पुन्हा बारसं केलं, घुगऱ्या वाटल्या,
विड्या वळून जमवलेल्या पैशांतून पाळणा आणला,
मी तेव्हा दोन वर्षांची, पाय बाहेर यायचे म्हणे.
पण कन्नड शेजारणी मला साकुमगळु म्हणायच्या
आणि मी दगड घेऊन त्यांच्या दाराशी.
पुरे झालेली म्हणता होय मला!
सातवीत एका मास्तरांनी सांगितलं,
अगं वेडे, साकु म्हणजे सांभाळणंसुद्धा.
पोसणं. वाढवणं.
तोच शब्द.
घरी आले तेव्हा आई तंबाखूच्या हातानं भाकरी थापायला बसलेली,
हात धुवायचे विसरून.
मी काही बोलले नाही.
त्या दिवशीची भाकरी कडू होती, सगळी खाल्ली.

आता कुणी सीमेचं काढू नका.
इथल्या प्रत्येक कवितेत ती येते,
पाटीवर फासलेल्या डांबरासारखी.
माझ्या दोन आयांच्या मध्ये फक्त एक बस होती,
आणि तिच्या तिकिटाचे पैसे.

दुभाष्यानं कुठलं वाक्य गाळलं
ते लेखिकेनं लिहिलेलं नाही.
मी शेवटचं पान उलटून पाहिलं, पाठकोरं.

पावणेचारला नकुसा सुटली.
मनगटाएवढी पट्टी, तिच्यावर अजून
फक्त आईचं नाव, बाकी काही नाही.
मी पुस्तक पालथं ठेवलं, हात धुतले,
पोरीला काट्यावर घेतलं.
बाहेर पेढ्यांचा बंद खोका मांडीवर घेऊन
सासू उठून उभी राहिली.
‘काय झालं?’
दोन किलो सातशे, मी म्हटलं.